हलिमाचा लाल दिवा

२०८१ साली समुद्रातले मासे विषारी झाले आणि भातही करपलं, तेव्हाची ही गोष्ट. हर्णैला मदत म्हणून डुकराच्या पेशींपासून वाढवलेल्या मांसाची पाकिटं तेवढी येत. गावातल्या मुसलमानांच्या जमातीने प्रत्येकाच्या मनगटावर पट्टा बांधला होता. भुकेने जीव जायची वेळ आली की त्यावर लाल दिवा लागे; मग जगण्यापुरतं हरामही माफ होतं.

शमसुद्दीनचा दिवा लागून दोन दिवस झाले, तरी तो पाकिटाला हात लावेना.

"तुझा लागू दे. चाळीस वर्षांत तुला सोडून कधी जेवलोय?"

"माझं पोट तुमच्यासारखं सहा भाकऱ्यांचं नाही. माझा लागेपर्यंत तुम्ही कबरीत जाल," त्याची बायको हलिमा म्हणाली.

त्याने पाकीट बाजूला सारलं. संध्याकाळी तिने पट्ट्यावर ओढणी ओढली, "लागला माझा," म्हणाली आणि पहिला घास स्वतः गिळला. मग तो जेवला.

महिन्याने तांदूळ आले. जमातीच्या माणसाने पट्टे परत घेताना नोंदी वाचल्या. हलिमाचा दिवा एकदाही लागला नव्हता.

"दिवा नसताना तू हराम खाल्लंस. खरं सांगितलं असतंस तर मी मेलो असतो," शमसुद्दीन म्हणाला.

"म्हणूनच नाही सांगितलं."

तो पुढे नऊ वर्षं जगला, पण मुरूडला, बहिणीकडे. हलिमा हर्णैलाच राहिली. तो गेल्याची खबर तिला तिसऱ्या दिवशी लागली.