बटणं काढा रे!

केंजळ्यांच्या हातात निरोपाचा शाल-नारळ पडला आणि सगळ्यांच्या कॉलरवरची बटणं भाषणं ठोकू लागली.

"केंजळे म्हणजे आमचा आधारवड!" शेजारच्या टेबलावरच्या वाघचौरेचं बटण गहिवरलं. वाघचौरे स्वतः फरसाणातले शेंगदाणे वेचत होता.

माणसाऐवजी ऑफिसात गोड बोलणारी ही बटणं केंजळ्यांनीच आयुष्यभर गावोगाव फिरून खपवली होती.

"बटणं काढा रे," ते म्हणाले. "एकदा तोंडानं सांगा, मी काही कामाचं केलं का? शिव्या घातल्यात तरी चालेल."

सगळ्यांनी बटणं काढली. जो तो दुसऱ्याकडे बघू लागला. वाघचौरेनं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"केंजळे," तो चाचरत म्हणाला, "बटण लावून सांगितलं तर चालेल का?"