अजून!

सभागृहाच्या भिंतीवरचा फोटो छताला टेकला होता आणि त्या फोटोतली बाई त्याच्याच खाली व्यासपीठावर काठी टेकून उभी होती. दोघी एकच, हे कळायला जरा वेळ लागत होता.

फोटोतली पोरगी शर्यतीच्या शेवटच्या वळणावर होती. मानेच्या शिरा ताणलेल्या, तोंड उघडं. खाली लाल रंगात एकच शब्द: अजून! रंग उडाला की सर स्वतः शिडीवर चढून तो गिरवत. गिरवून गिरवून उद्गारचिन्ह चांगलंच गुटगुटीत झालं होतं.

"कसं वाटतंय?" सरांनी विचारलं. गळ्यातली शिट्टी त्यांनी आज रुमालाने पुसून चकचकीत केली होती. पोरींना धावायला शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं, पण जीव होता तो या एकीवर. प्रत्येक नव्या तुकडीला ते हिची गोष्ट सांगत. शेवटच्या फेरीत हिच्या गुडघ्यातून कट्‌कन आवाज आला होता. तो विक्रम मोडल्याचा आवाज, असं सर सांगत. मुली वह्या सोडून त्यांच्याकडे बघत राहत.

बाई फोटोकडे बघत होती. "सर, हा शब्द कुठला?"

"म्हणजे काय? तुझाच! पाय गेला तरी 'अजून, अजून' म्हणत पळालीस. मी कडेलाच उभा होतो की."

"मी 'थांबू?' म्हणत होते, सर. तुम्हाला विचारत होते. 'अजून' तुम्ही म्हणालात."

सर मनापासून हसले. "काहीतरीच तुझं! तुला तेव्हा शुद्ध तरी होती का?"

बाईने काठी दुसऱ्या हातात घेतली. ती एका कंपनीत फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकून घ्यायचं काम करत असे, त्यामुळे असं ऐकायची तिला सवय होती. शिवाय काम बसून होतं.

मुली येऊन बाकांवर बसल्या. पुढच्या बाकावर एक लांब तंगड्यांची मुलगी होती. तिला सगळे टोळ म्हणत. उद्याच्या अंतिम शर्यतीत कॉलेजची सगळी मदार तिच्यावर होती आणि तिने उजवा पाय बाकाखाली ओढून घेतला होता.

"तिचा घोटा सुजलाय," बाई म्हणाली.

"मोजा जाड आहे."

"सर, दोन्ही पायांत मोजे आहेत. एकच जाड कसा?"

सरांनी मुद्दा निकालात काढायचं ठरवलं. "टोळ! दुखतंय का गं पाय?"

टोळने आधी भिंतीकडे पाहिलं. "नाही, सर!"

"बघितलंस?" सर बाईच्या कानाशी म्हणाले. "हे तू घडवलंस. मी फक्त भिंत दिली."

"मला म्हणूनच बोलावलंत ना? उद्या तिला पळवायला?"

"पळव म्हणत नाही मी. दोन शब्द बोल. पोरी आपसूक पळतात."

"मी तिला थांब म्हणणार आहे."

सरांचा चेहरा क्षणभर पडला. मग त्यांनी तो उचलून परत जागेवर ठेवला आणि माइक हातात घेतला. ते भरभरून बोलले. बोलताना त्यांचा आवाज दोनदा दाटून आला, आणि त्यात नाटक अजिबात नव्हतं. तेच तर अवघड होतं. शेवटी त्यांनी माइक बाईच्या तोंडापुढे धरला. हातात मात्र दिला नाही.

"मुलींनो," बाई म्हणाली, "त्या दिवसानंतर मी कधीच धावले नाही."

टोळ बाकावर पुढे सरकली. तिने पाय जरासा बाहेर काढला आणि बाईकडे अशी बघायला लागली, जणू कुणीतरी तिला घरी जायची परवानगी देणार होतं.

सरांनी माइक मागे ओढला. "ऐकलंत? पुन्हा धावायला काही शिल्लकच ठेवलं नाही! सगळं त्या एका शर्यतीत देऊन टाकलं! याला म्हणतात धावणं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाई टोळकडे वळून "थांब" म्हणाली. ओठ हललेले दिसले. टोळने मान डोलावली. तिला वाटलं, बाई शाबासकी देतेय.

बाई जायला वळली. व्यासपीठाच्या पहिल्या पायरीवर काठी आधी टेकवून तिने पाय उतरवला, तसा तिचा चेहरा पिळवटला. सर लगबगीने पुढे झाले आणि त्यांनी तिचं कोपर धरलं. दुसऱ्या हातातला माइक चालूच होता आणि तो तिच्या हनुवटीखाली आला होता, याचं त्यांना भान नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी होतं.

"इतकी वर्षं झाली," ते तोंड बाजूला करून हळूच म्हणाले. "दुखतं का गं?"

सरांचा प्रश्न कुणालाच ऐकू गेला नाही. उत्तर मात्र सभागृहाच्या चारही कोपऱ्यांत घुमलं.

"अजून."

सगळ्या मुली ताडकन उठल्या. "अजून! अजून! अजून!" बाकं हादरली. बाई पायरीवर तशीच उभी राहिली, एक पाय वर, एक खाली. सर डोळे पुसत मुलींच्या सुरात सूर मिसळू लागले.

सगळ्यांत खणखणीत आवाज टोळचा होता. ती बाकाला धरून उभी होती, एका पायावर.