भिंतीखालची लाइन

भावाभावांत भिंत उभी राहिली, बोलणं तुटलं, आणि दोघांनी आपापल्या बायकांनाही दम भरला. जमिनीखालची पाण्याची लाइन तेवढी अजून एकच होती. दोन्हीकडचे नळ एकदम सोडले की धार कुणालाच नाही, म्हणून धाकटी रोज सकाळी भिंतीवरून ओरडायची, "जाऊबाई, माझं भरलं हो, तुम्ही सोडा!" आणि त्याच दमात हळूच, "पोरीचा ताप उतरला का?"

आता ती लाइन गळायला लागली. अंगणभर चिखल झाला. प्लंबरने खणून पाहिलं, तर पाइप पार सडलेला. "बदलायचीच आहे तर दोन वेगळ्या टाका, रोजची कटकट मिटेल," असं दोघा भावांनी त्याला बजावलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं होतं.

नवरा कामावर गेल्यावर धाकटी चहाचा कप घेऊन खणलेल्या चरापाशी गेली. "दादा, यांना काहीही कारण सांगा, पण लाइन एकच टाका. तेवढे उपकार करा."

प्लंबरने चरातूनच वर पाहिलं.


"चहा नको वहिनी, आत्ताच झाला. पलीकडच्या वहिनी देऊन गेल्या, आणि हेच सांगून गेल्या."