गाठ मारलेली वाट

गिलुवे ज्वालामुखीची पायवाट सुरू होते तिथंच आडवी वेल ताणून, तिला लाल पानांची गाठ मारून आमच्या यापोची थोरली बहीण बसली होती. डोंगर तिच्या कुळाचा. तिनं गाठ मारली की वाट बंद. राजधानीतून आलेला टूरवाला पाहुण्यांदेखत हसला. “पानांना कोण भितंय? सरक, बाई!” वेल ओलांडून दहा पावलं गेला आणि मागं वळला. आम्ही अकराही हमालांनी ओझी खाली ठेवली होती. याच टूरवाल्याच्या मागच्या खेपेला बारावा हमाल यापो होता. माथ्याजवळ पाय मोडून गारपिटीत हाका मारत पडला होता. “वारा आहे तो, उतरा,” टूरवाला म्हणाला. आम्ही मुकाट उतरलो. यापो गारठून मेला. “उचला ओझी!” टूरवाला आता ओरडला. कुणी हललं नाही. रताळं सोलत बहीण म्हणाली, “जा की एकटा. गारठलास तर हाक मार. आम्हीही ऐकू, तू ऐकलीस तशीच.”