डाकूकाकांचं शेपूट

"पुन्हा एकदा," दिग्दर्शक डबिंग स्टुडिओच्या काचेपलीकडून म्हणाला. "आणि काका, कबुली देताय तुम्ही. लाँड्रीची पावती नाही मागत."

डाकूकाकांनी हेडफोन नीट बसवले. पडद्यावर धुळीने माखलेला डाकू टोपी हातात घेऊन शेरीफच्या दारात उभा होता. बंदूक खुंटीला टांगून त्याने शेती केली होती, लग्न केलं होतं, आणि आता त्याला एकच वाक्य बोलायचं होतं. "तो मीच होतो."

सातव्यांदाही ते कोरडंच निघालं.

नवल होतं. घोडे आणि धुळीच्या सिनेमांतले सुधारलेले डाकू आपल्या भाषेत बोलते करायचे तर काकांनीच, हा पंचवीस वर्षांचा रिवाज. "हात वर!" तर त्यांना कधी दुसऱ्यांदा म्हणावं लागलं नव्हतं. त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपटाला ठाऊक होतं. आणि त्यांची खासियत म्हणजे शेपूट. कागदावरचं वाक्य संपलं तरी पडद्यावरचे ओठ हलत राहिले, की काका आपल्या मनाने दोनचार शब्द जोडून द्यायचे. ते इतके चपखल बसायचे, की मूळ वाक्यच बोडकं वाटायचं.

"यांनी कबुली दिल्याशिवाय सुधारताच येत नाही का?" काका वैतागून म्हणाले. "शेती करतोय ना बिचारा? मग करू द्या की."

"लिहिणाऱ्याला विचारा." दिग्दर्शक बाहेर येऊन त्यांच्याजवळ बसला. आवाज खाली आणून म्हणाला, "काका, वरचे म्हणतायत आवाज थकला. पुढच्या महिन्यापासून नवा माणूस आणायचा विचार आहे. तुमच्या बाजूने एकच पत्र आलंय. त्या बाई आज येतायत. वडिलांसाठी एक वाक्य तुमच्या आवाजात हवंय त्यांना. असं म्हणा, की वरच्यांची बोलती बंद झाली पाहिजे."

या आवाजापलीकडे काकांकडे होतं काय? बायको त्यांना देवमाणूस म्हणायची. गल्लीतली कुत्री त्यांच्याच हातून खायची, हरवलेली छत्री ते चार गल्ल्या हिंडून परत करायचे. तक्रार होती ती एकच: बँकेची कामं बायकोलाच करावी लागत. तिथली हवा आपल्याला मानवत नाही, असं ते म्हणायचे. दाढदुखीसारखं हेही बायकोने मान्य करून टाकलं होतं.

बाई आल्या. पन्नाशीच्या, नाकावर चष्मा, हातात आणखी एका चष्म्याचं घर. त्याचं झाकण त्या उघडायच्या आणि बंद करायच्या. टक्. टक्.

"तुम्हालाही आवडतात हे सिनेमे?" दिग्दर्शकाने विचारलं.

"बाबांना. दोन वर्षं झाली, दुसरं काही लावू देत नाहीत. डोळे मिटून बघतात."

"डोळे मिटून?"

"ऐकतात. यांचाच आवाज हवा असतो. दुसरा लागला की म्हणतात, हा नव्हे." टक्. "मला एक कळत नाही. डाकू सुधारतो, छान. पण त्याने ज्यांना लुटलं त्यांचं पुढे काय झालं, ते कधी दाखवतच नाहीत."

"ते दाखवलं तर घोड्यांना वेळ कुठला उरायचा!" दिग्दर्शक हसला.

काकाही हसले. "बाई, पस्तावलेला डाकू बघायला लोक रांग लावतात. जन्मभर सरळ वागलेल्या माणसावर सिनेमा काढला, तर घोडासुद्धा जांभई देईल."

"बाबा तसेच," बाई म्हणाल्या. "सरळ. पण लवकर घरी बसले. आता थोडेच दिवस राहिलेत त्यांचे, म्हणून घाई."

त्यांनी कागद पुढे केला. त्यावर एकच ओळ होती. काकांनी ती वाचली. वाक्य ओळखीचं वाटलं. इतक्या डाकूंच्या तोंडून इतकं बोललो, त्यातलंच कुठलं तरी असणार.

"कुठल्या सिनेमातलं हो हे?"

"बाबांनाच माहीत. वाक्याचा शेवट त्यांना बरोबर सांगता येतो, मला नाही."

"काळजी नको," दिग्दर्शक उठला. "काका शेपूट जोडतील. आणि काका, पंचवीस-तीस वर्षं मागे जाऊन म्हणा. तो आवाज हवाय मला."

तो बाईंना घेऊन काचेपलीकडे गेला. लाल दिवा लागला. काकांनी डोळे मिटले. खुर्ची घट्ट धरली आणि मागे मागे गेले, अगदी स्टुडिओच्याही मागे.

"काका, चष्मा पडलाय तुमचा. सावकाश उचला." काकांनी कागदावरची ओळ म्हटली.

दिग्दर्शकाने सवयीने बोट गोल फिरवलं, शेपूट जोडा म्हणून. मिटल्या डोळ्यांना ते दिसणार नव्हतं, आणि त्याची गरजही पडली नाही.

"डावी काच फुटलीय. बोट कापेल."

"वा! काका, वा!" दिग्दर्शकाने टेबलावर थाप मारली. "याला थकलेला आवाज म्हणतात? जसंच्या तसं ठेवायचं हे! एक अक्षर हलवायचं नाही!"

काकांनी डोळे उघडले. कितीतरी दिवसांनी त्यांना मोकळं वाटलं. नोकरी राहिली.

बाईंनी दिग्दर्शकाच्या हातावरून वाकून माईकचं बटण दाबलं.

"मघाशी सिनेमा विचारलात ना?" त्यांचा आवाज काकांच्या हेडफोनमध्ये अगदी कानाशी आला. "सिनेमा नाही. बाबांची बँक. दरोडेखोर तोंड बांधून आला होता. सगळ्यांवर ओरडला आणि बाबांशी तेवढा मायेने बोलला. एवढ्या मायेने बोलतो म्हणजे ओळखीचाच असणार, असं ठरवून चौकशीवाल्यांनी बाबांना काढून टाकलं."

लाल दिवा अजून चालूच होता.

टक्. बाईंनी हातातलं घर उघडलं आणि आतला जाड काळ्या काड्यांचा, जुना पुरुषी चष्मा काचेला टेकवून धरला. त्याची उजवी काच शाबूत होती.