फोटोतली मंडळी

आजोबांच्या उशाशी लढाईतला एकच फोटो असायचा. खंदकाच्या कडेला आजोबा आणि त्यांचे पाच सोबती दात काढून बसलेले. त्या पाचांची खबरबात आजोबा अशी सांगायचे, की जणू सगळे मागच्याच गल्लीत राहतात. लंबूने खानावळ काढली आणि निम्मी स्वतःच खाऊन संपवली. गवय्याला टक्कल पडलं, तरी खिशात कंगवा असतोच. बोक्याला बायकोने परवा तिसऱ्यांदा घराबाहेर काढलं! नात लहानपणापासून हे ऐकून हसून हसून लोळायची.

डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा तिने ठरवलं, यातल्या एकाला तरी आजोबांना भेटवायचंच. "कशाला उगाच त्यांना त्रास?" असं आजोबा म्हणत राहिले, पण ती फोटो घेऊन थेट पलटणीच्या कचेरीत गेली. तिथल्या साहेबाने फोटो पाहिला आणि आधी तिला बसायला खुर्ची दिली.

संध्याकाळी ती आजोबांच्या पलंगाशी येऊन उभी राहिली.

"काय गं, तोंड का पाडलंस? खानावळ बंद होती वाटतं लंबूची?"

"आजोबा, हा फोटो काढला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी..." तिचा आवाज चढला. "तुम्ही सोडून एकही उरला नव्हता, आजोबा!"

म्हाताऱ्याने घाईघाईने तिच्या हातातला फोटो ओढून घेतला आणि पालथा करून छातीशी धरला.

"हळू बोल, पोरी. बोक्याच्या नातीचं लग्न आत्ता कुठे ठरलंय. ते लागेपर्यंत तरी मला टिकायला हवं."