वरच्या मजल्यावरची घरघर

“डॉक्टर, माझी बडबड कमी करायची एखादी गोळी असते का?”

एका दमात विचारून टाकलं तिने. मैत्रिणींची पैज होती. ही कसली विचारतेय, दारातूनच परत येईल, असं सगळ्या छातीठोकपणे सांगत होत्या. त्यांचंही चूक नव्हतं. ही तीच भित्री भागूबाई, जिला बसमध्ये ‘मला इथे उतरायचंय’ एवढं म्हणवायचं नाही. मग ती पुढच्या स्टॉपवर उतरायची आणि उन्हातून मागे चालत यायची.

डॉक्टरबाई हसल्या. “झोप कशी लागते?”

“आई पांघरूण ओढून काढते, तेव्हा कळतं सकाळ झालीये.”

“मग बडबड औषधाची नाही. तुझीच आहे. आत अडकून पडली होती.”

आई खुदकन हसली. बाबा हसले नाहीत. ते खुर्चीच्या अगदी टोकावर बसले होते. ते काय ठरवून आलेत हे तिला ठाऊक होतं. घरात कालपासून तेच चाललं होतं.

“मी स्पष्टच बोलतो, डॉक्टर,” बाबा म्हणाले. “सुरुवातीला पोरीचे फार हाल झाले. तोंडाला कोरड, पोटात ढवळणं, जेवणावर वासना नाही. आधीपेक्षा जास्तच घाबरायची. आता बरी दिसतेय, तर गोळ्या थांबवू या. एवढ्याशा वयात कशाला हे रोजचं?”

“आत्ता कुठे औषध लागू पडतंय,” डॉक्टर म्हणाल्या. “थांबवायची ही वेळ नाही.”

“पण तिला झालंय तरी काय? थोडी भीती सगळ्यांनाच वाटते.”

हाल झाले होते, हे मात्र खरं. गणिताच्या तासाला ती अशा जांभया द्यायची की सगळ्या बाकावर त्यांची लागण व्हायची आणि शेवटी बाईसुद्धा तोंडावर हात धरायच्या. पाण्याची बाटली तर गळ्यातल्या माळेसारखी झाली होती. एकदा ती गोळी खिडकीबाहेर भिरकावणार होती. आईने मनगट धरलं. “आधी त्रास वाढेल, मग बसेल, असं डॉक्टर म्हणाल्यात ना? वाटलं तर फोन करून विचारू. पण आपल्या मनाने काही करायचं नाही.” मग रोज जेवणानंतर दोघी समोरासमोर बसायच्या, त्या इवल्याशा गोळीला यथेच्छ शिव्या घालायच्या, आणि मगच ती गिळायची.

त्यानंतर हळूच काहीतरी बदललं होतं. ते बाबांना पटलं नाही, तर आज सगळं थांबणार होतं. आणि थांबलं की पुन्हा ती, तो पुढचा स्टॉप आणि ते ऊन.

“काय फरक पडला, तूच सांग बाबांना,” डॉक्टर म्हणाल्या.

तिने खुर्ची वळवली. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. दोर, ब्रेक, दार, सगळं पुन्हा पुन्हा तपासल्याशिवाय ते माणसांना आत पाऊल ठेवू द्यायचे नाहीत. घरीही तेच. खाली उतरल्यावर कुलूप ओढून बघायला परत वर. तिला शाळेतून यायला जरा उशीर झाला की बाबा गॅलरीत. काळजी घ्यावी तर यांनी, असं सगळे कौतुकाने म्हणायचे.

“बाबा, तुम्ही सांगता ना, लिफ्टची मोटर गच्चीवर असते. वरच्या मजल्यावरच्यांना तिची घरघर ऐकूच येत नाही, इतकी सवय झालेली असते. तुम्ही ती बंद केली की ते दारं उघडून विचारतात, काय झालं हो, असं चुकल्यासारखं का वाटतंय?”

“हो. मग?”

“माझ्या डोक्यात तशी घरघर होती. आता काहीतरी होणार. आई जिन्यात पडली असेल. बस उलटेल. मी भलतंच बोलेन आणि सगळे हसतील. डोळे उघडल्यापासून हेच. मला वाटायचं, डोकं म्हटलं की हे चालू राहणारच. आणि परवा दात घासताना ती बंद पडली. मी ब्रश तोंडात धरून तशीच उभी. आई बाहेरून विचारतेय, आत काय झोपलीस का? आणि मी आपली ऐकतेय, कसं शांत वाटतंय ते.” तिने श्वास घेतला. “मधूनमधून होते परत सुरू. पण आता सुरू झालेली कळते तरी.”



“पण बाळा,” बाबा म्हणाले, “ते तर सगळ्यांच्याच डोक्यात असतं.”

“नसतं, बाबा.”

त्यांनी आईकडे पाहिलं. आईने नकारार्थी मान हलवली. डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

“म्हणजे,” बाबांनी अगदी हळू विचारलं, “ते बंद होतं?”

आईने पदराने डोळे टिपले आणि टिपता टिपता हसायलाच लागली. मुलीला तर तिथल्या तिथे उड्या माराव्याशा वाटल्या. आपण आपल्या बाबांना केवढी मोठी बातमी दिली, हे तिला आत्ता कळलं. ती उठली.

“माझं ठरलंय,” ती म्हणाली. “मी गोळ्या घेणार. आई, आपण दोघी बाहेर बसू. बाबा, तुम्ही उठू नका. डॉक्टरांकडचा माझा उरलेला वेळ तुमचा.”